उतरविलेले ओझे

जुन्या वस्तूला नवे रूप देण्याचा अधिकार माणसाला कितपत आहे, हा प्रश्न आपण बहुधा वाडे, देवळे आणि रूढी यांच्या संदर्भात विचारतो. मोटारसायकलीच्या बाबतीत तो विचारणे कित्येकांना हास्यास्पद वाटेल. तथापि, जुन्या मोटारसायकलीपासून ‘कॅफे रेसर’ नावाची गाडी घडविण्याचा जो छंद आज देशोदेशी दिसतो, त्याच्या पोटात हाच प्रश्न दडलेला आहे. किंबहुना तेथे तो अधिक स्वच्छ दिसतो. कारण ही गाडी भर घालून नव्हे, तर मुख्यतः वजा करून घडते.

या प्रकाराचा उगम महायुद्धोत्तर इंग्लंडातला. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ साली ‘एस कॅफे’ नावाचे उपाहारगृह निघाले, ते मालमोटारी हाकणाऱ्यांसाठी. युद्धात बाँबने ते उद्ध्वस्त झाले, १९४९ साली पुन्हा उभे राहिले, आणि पुढची दोन दशके मोटारसायकलवाल्या तरुणांचा तो अड्डा होऊन बसला. ताशी शंभर मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, हा वेग गाठणे ही त्यांची प्रतिष्ठेची खूण होती. पेटीत नाणे टाकून गाणे सुरू करावयाचे आणि ते संपण्याच्या आत ठरलेल्या वळणाला वळसा घालून परतावयाचे, अशा पैजा लागत असे सांगतात. ते उपाहारगृह १९६९ साली बंद पडले आणि २००१ साली पुन्हा उघडले.

शर्यतीसाठी कारखान्याने बांधलेली गाडी विकत घेण्याची ऐपत या तरुणांत क्वचितच कुणाची असे. म्हणून रोज कामावर नेणाऱ्या गाडीचेच ओझे त्यांनी उतरविले. जड मडगार्ड काढून टाकले किंवा आखूड केले. उंच हँडल काढून त्याच्या जागी पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर आवळून बसविलेले दोन आखूड दांडे आले. पाय ठेवण्याचे आधार मागे सरकले, लांब टाकीवर स्वार जवळजवळ पालथा झाला आणि वाऱ्याचा विरोध कमी झाला. दोघांच्या आसनाऐवजी मागे उंचवटा असलेले एकट्याचे आसन आले. सारांश, वेगाला जे जे उपयोगी नव्हते ते ते गेले.

याही पुढे जाऊन काहींनी दोन गाड्यांची एक गाडी केली. नॉर्टन कंपनीचा ‘फेदरबेड’ हा सांगाडा बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस यांनी सिद्ध केला आणि १९५० साली तो शर्यतीत उतरला. पिसांच्या गादीवर बसल्यासारखे वाटते, असे हॅरॉल्ड डॅनियल या स्वाराने म्हटले, त्यावरून त्यास हे नाव पडले. छोट्या शर्यती मोटारी बांधणाऱ्यांना नॉर्टनचे इंजिन हवे असे, परंतु ते सुटे मिळत नसे; म्हणून ते अख्खी गाडी घेत, इंजिन काढून घेत आणि सांगाडा तसाच मागे उरे. अशा सांगाड्यात ट्रायम्फचे जोड-सिलिंडरचे इंजिन बसविले की जी गाडी होई, तिला दोन्ही नावे जोडून ‘ट्रायटन’ म्हणत.

आता ही गाडी नॉर्टन की ट्रायम्फ? ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात नागसेन राजा मिलिंदाला असेच पेचात टाकतो. चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणतो, आणि ‘रथ’ हे या सर्वांच्या जुळणीला दिलेले व्यवहारातले नाव आहे, एवढेच अखेर हाती उरते. आपला कायदा या वादात पडत नाही; चासीवर आणि इंजिनावर ठोकलेला क्रमांक नोंदणीत सापडला की त्याचे समाधान होते. परंतु गाडी तीच राहिली की दुसरी झाली, याचे उत्तर काहीही आले तरी ती तशी करणे योग्य होते की नाही, हे त्यातून निघत नाही. नीतीचा प्रश्न नावाचा नाही. तो ओझ्याचा आहे.

गाडीवरून जे उतरविले जाते ते नाहीसे होते, असा आपला समज असतो. वस्तुतः त्यातला प्रत्येक भाग कुणाचे तरी काही तरी वाहत होता. मडगार्ड मागून येणाऱ्याच्या तोंडावर उडणारा चिखल अडवीत होते. सायलेन्सर शेजाऱ्याची झोप सांभाळीत होता. उंच हँडल स्वाराच्या मनगटांचा आणि पाठीचा भार हलका करीत होते. हवेची गाळणी इंजिनात धूळ जाऊ देत नव्हती, आणि तिच्या हिशेबानेच कार्ब्युरेटरचे जेट ठरलेले होते. ती पेटी काढून उघडी गाळणी लावली की हवा वाढते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. भाग निघाला तरी त्याचे काम राहते, आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी माथी पडते.

ते कुणाच्या माथी पडते, येथेच न्याय आणि अन्याय यांची सीमारेषा आहे. खाली हँडल बसविणारा आपल्याच मनगटांवर भार घेतो. गाळणी बदलणारा जेट बदलण्याची खटपट पत्करील, तर तेही ओझे त्याने स्वतःच उचलले. अशा वजाबाकीत अन्याय नाही. उलट, वस्तू तशी का होती हे तीतूनच त्याला कळते. परंतु सायलेन्सर फोडून टाकणारा आपली हौस दुसऱ्याच्या कानांनी भागवितो. भर रस्त्यावर ताशी शंभर मैलांचा हट्ट धरणारा आपला जीव धोक्यात घालतोच. पण रस्ता ओलांडणाऱ्याचा जीवही, त्याला न विचारता, पणाला लावतो. एस कॅफेच्या आठवणींना आज जे मोहक रूप आले आहे, त्यात या दुसऱ्या माणसाला फारशी जागा नाही.

आपल्या देशात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. रेडिचच्या रॉयल एन्फील्डची बुलेट १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद झाला, तरी बुलेट येथे होतच राहिली. त्याच कारखान्याच्या परंपरेतून ‘काँटिनेंटल जीटी’ ही तयार कॅफे रेसर २०१३ आणि २०१८ साली नव्या रूपांत बाहेर पडली. पण हौशी माणसाला आपल्या हाताने कापलेली जुनी बुलेटच अधिक प्रिय असते. या कापाकापीत बहुधा साडीगार्ड प्रथम निघते, कारण ते रेषेला बाध आणते. मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात अडकू नये म्हणून निदान अर्ध्या चाकावर आवरण हवे, हा आपल्याकडील नियम ज्या अपघातांमुळे करावा लागला, ते त्या रेषेला ठाऊक नसतात. मागल्या आसनाचेही असेच. गोव्यातला ‘पायलट’ त्याच आसनावर उतारू बसवून आपला संसार चालवितो. एकट्याचे आसन ही केवळ सौंदर्याची निवड नव्हे; ‘या वाहनावर दुसऱ्याला जागा नाही’ असे तीत म्हटलेले असते. असे म्हणण्याचा मालकाला अधिकार आहे. मात्र आपण काय म्हणत आहोत हे त्याने जाणावे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम काही मोजके अपवाद सोडून मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हे बंधन अधिक स्पष्ट केले. कायद्याची ही भाषा कारागिराला जाचक वाटते. तथापि, ओझे कुणावर पडेल याचा विचार जेथे हौस करीत नाही, तेथे तो कायद्याला करावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, मग जुन्या वस्तूला हातच लावू नये काय? तसे मुळीच नाही. आपल्याकडे जीर्णोद्धाराला पुण्य मानले आहे. परंतु जीर्णोद्धार करणारा स्वतःला वस्तूचा शेवटचा धनी समजत नाही. तिच्यामागे बांधणारे होऊन गेले आणि पुढे सांभाळणारे यावयाचे आहेत, हे भान त्याला असते. जे नटबोल्टने बसविता येते ते परत काढता येते. सांगाड्याचा मागचा भाग करवतीने कापला की पुढच्या मालकाची निवडही त्याबरोबर कापली जाते. गंजून पडलेल्या, अर्ध्या भागांच्या गाडीवर करवत चालविणे वेगळे, आणि जिचे सर्व मूळ भाग शाबूत आहेत अशी दुर्मिळ गाडी फॅशनपायी कापणे वेगळे. पहिल्यात वस्तूला आयुष्य मिळते. दुसऱ्यात तिने जपून आणलेले खर्ची पडते.

या दृष्टीने पाहता ट्रायटन बांधणारे तरुण आजच्या अनेक अनुकरण करणाऱ्यांपेक्षा अधिक नीतिमान ठरतात, असे म्हणावेसे वाटते. त्यांचा वेग सर्वस्वी निर्दोष होता असे नव्हे. पण दुसऱ्यांनी इंजिनासाठी गाडी घेऊन जो सांगाडा टाकून दिला, तो त्यांनी उचलला, त्याला नवे इंजिन दिले आणि कामाला लावले. त्यांच्या गाडीवरील प्रत्येक उणीव कशासाठी आहे, हे त्यांना सांगता येत होते. आज करवत हाती घेणाऱ्यालाही एवढे सांगता आले, आणि जे काढले त्याचे काम आता कोण करणार याचे उत्तर देता आले, तर त्याने खुशाल कापावे.