राखणदाराचे काम

शास्त्रपाठ : उत्पत्ति २:१५, अनुवाद २२:८, मत्तय १३:२४-३०



माढ्याच्या काळ्या रानात हरभरा फुलावर आला म्हणजे शेतकऱ्याची झोप उडते. घाटे अळी प्रथम कोवळा पाला खाते, आणि घाटे धरू लागले की अर्धे अंग आत घालून दाणा फस्त करिते. ही पीडा नवी नव्हे. योएल संदेष्ट्याने टोळांनी उजाड केलेली शेते पाहिली, आणि आमोसाने अंजिराच्या व जैतुनाच्या झाडांचा नाश सांगितला. परंतु कीड पडली असता देवाच्या माणसाने काय करावे, हा प्रश्न प्रत्येक पिढीस नव्याने सोडवावा लागतो.

ह्या बाबतीत मी स्वतः चुकलो, हे प्रथम कबूल करितो. काही वर्षांपूर्वी माझ्या हरभऱ्याच्या पट्टीत अळी पडली असे कोणी सांगितले. मी रानात गेलो नाही. दुकानदाराने दिले ते औषध आणिले, एका मजुरास पंप दिला आणि घरी सावलीत बसलो. दोन प्रहरी त्यास घेरी येऊन वांत्या होऊ लागल्या. आम्ही त्यास दवाखान्यात नेले, व देवाच्या दयेने तो वाचला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या न फवारलेल्या रानात मी ओळी तपासल्या, तो दहा ठिकाणी पाहावे तेव्हा एखादी अळी सापडे. म्हणजे ज्या संकटासाठी मी एका माणसाचा जीव धोक्यात घातला, ते संकट तेथे नव्हतेच.

देवाने आदामास बागेत ठेविले तेव्हा त्यास दोन कामे नेमून दिली : मशागत आणि राखण. मशागत आपण जाणतो. राखण मात्र विसरलो. त्या राखणीची तीन अंगे आज आपण पाहू.

पहिले, राखणदार डोळ्यांनी पाहतो. ज्वारीची राखण करणारा माळ्यावर बसतो, घरी नव्हे. हरभऱ्यासाठी एकरी दोन कामगंध सापळे लावावे. मादीच्या गंधाने नर पतंग त्यांत येऊन पडतात. एका सापळ्यात लागोपाठ तीन दिवस आठ-दहा पतंग आढळले, किंवा मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या, तरच उपाय करण्याची वेळ आली असे समजावे. तोवर मोजीत राहावे. न मोजता फवारणे ही सावधगिरी नव्हे, ते भय होय.

दुसरे, राखणदार मित्र व शत्रू ओळखतो. प्रभूच्या दाखल्यात चाकरांना निदण तत्काळ उपटावयाचे होते. धन्याने त्यांस थांबविले, कारण त्या घाईत गहूही उपटला जाता. तो दाखला माणसांविषयी आहे हे मी जाणतो. तथापि धन्याचा तो विवेक शेतकऱ्यासही हवा. जालीम विष अळीबरोबर कोळी, ढालकिडा व मधमाशी ह्यांसही मारिते. शिवाय जी अळी त्यातून वाचते तिची संतती त्या विषास दाद देत नाही. सन २००२ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातील उसावर पांढरा लोकरी मावा पडला. उंच उसात फवारणी अवघड होती. तेव्हा तो मावा खाणाऱ्या डिफा व मायक्रोमस ह्या मित्रकिडी वाढवून उसात सोडण्यात आल्या, आणि पुढे मावा आटोक्यात आला. आमच्या तालुक्यात उजनीच्या पाण्यावर ऊस करणाऱ्यांनी हे विसरू नये.

हरभऱ्यासही असे सोबती आहेत. पेरतेवेळी बियांत ज्वारीचे थोडे दाणे मिसळावे. ताटे उंच वाढली की त्यांवर पाखरे बसून अळ्या वेचितात. पाच किलो निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, शंभर लिटर करून फवारावी. तिच्या कडवटपणाने अळीची भूक मंदावते. अळीस रोग पाडणारे विषाणूचे औषधही मिळते; ते उन्हाने निकामी होते म्हणून सायंकाळी फवारावे. त्याने अळ्या उलट्या लटकून मरतात, माणसास व मधमाशीस अपाय होत नाही. इतके करूनही कीड हटली नाही, तर रासायनिक औषध वापरणे पाप नव्हे; परंतु तो शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे.

तिसरे, राखणदार आपल्या बंधूचीही राखण करितो. मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञा आहे की, नवे घर बांधणाऱ्याने धाब्यास कठडा करावा, नाहीतर कोणी पडून मेल्यास रक्ताचा दोष त्या घरावर येईल. आपण माळवदाच्या घरांत वाढलेले लोक. ही आज्ञा आपणांस समजावून सांगावी लागत नाही. आज पंप हेच ते धाबे आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी व मजूर मेले. त्यांच्या घरी कापूस वेचावयास कोण उरले?

म्हणून मालकाने कठडा करावा. डब्यावरील त्रिकोण पाहावा : लाल म्हणजे अति विषारी, त्याखाली पिवळा, निळा व हिरवा. मजुरास हातमोजे व तोंडास फडके द्यावे, उपाशीपोटी कामास लावू नये, वाऱ्याच्या तोंडी फवारू देऊ नये, काम संपल्यावर साबण व पाणी द्यावे. रिकामा डबा घरी पाणी भरण्यास कधीही नेऊ नये. जो हे देऊ शकत नाही, त्याने पंप दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवू नये.

उपदेशक बंधूंनो, रविवारची उपासना आटोपल्यावर आपल्या मंडळीतील दोन-तीन शेतकऱ्यांना घेऊन एका रानात जा. ओळी मोजा, सापळा उघडून पाहा, आणि मग तेथेच प्रार्थना करा. मंडळीतील मजुरांनाही विचारा की, फवारताना तुम्हांस काय देतात. हे उपासनेचे काम नव्हे असे कोणी म्हणेल, तर त्यास आदामाची ती पहिली चाकरी दाखवा.

तो मजूर अजूनही माझ्याकडे कामास येतो. पहिल्या दिवशी मी त्याची क्षमा मागितली, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "पाळकसाहेब, आता रानात आधी तुम्ही चला." ते वचन मी पाळीत आहे. सर्वांचा राखणदार जो परमेश्वर, तो आम्हां सर्वांस ते पाळावयाची बुद्धी देवो. आमेन.