सतरा ठिपके आणि एक मुरका

नटाच्या अंगावर काहीही न बांधता, केवळ चित्रफितीवरून त्याचे सांधे क्षणोक्षणी कुठे होते हे शोधून काढणे, याला मार्करविरहित मोशन कॅप्चर म्हणतात. यातून हाती येतो तो आकड्यांचा तक्ता. कोणत्या क्षणी गुडघा किती वाकला, मनगट किती उंच होते, एवढेच त्यात लिहिलेले असते. तोच तक्ता ॲनिमेशनमधल्या राक्षसाला किंवा वाघाला जोडला की नटाची चाल त्याच्या अंगात उतरते.

शरीर पुसून टाकायचे आणि हालचाल तेवढी ठेवायची, ही कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे याने १८८० च्या दशकात माणसाला काळा पोशाख घालून, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावून काळ्या पडद्यापुढे चालवले. छायाचित्रात माणूस दिसेनासा झाला आणि पट्ट्यांची चाल उरली. पुढे मॅक्स फ्लायशर याला अमेरिकेत १९१७ साली रोटोस्कोपचे पेटंट मिळाले. त्यात चित्रित नटाची एकेक चौकट काचेवर पाडून हाताने गिरवली जाई. १९७३ मध्ये स्वीडनच्या गुन्नार योहान्सन याने दाखवून दिले की सांध्यांवरचे दहा-बारा प्रकाशठिपके अंधारात हलू लागले, तरी पाहणाऱ्याला चालणारा माणूस लगेच ओळखू येतो. आजच्या तंत्राचा सगळा भरवसा या ठिपक्यांवर आहे आणि त्याची मर्यादाही तिथेच आहे.

काम टप्प्याटप्प्याने होते. आधी प्रत्येक चौकटीत माणूस शोधला जातो, मग त्याचे सांधे. कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार होऊन २०१७ च्या सुमारास गाजलेल्या ओपनपोझसारख्या प्रणाली हे काम साध्या व्हिडिओवर करतात. अशा प्रणालींच्या शिक्षणासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोको या चित्रसंग्रहात माणूस १७ ठिपक्यांचा असतो: नाक, दोन डोळे, दोन कान, आणि खांदे, कोपरे, मनगटे, खुबे, गुडघे, घोटे यांच्या जोड्या.

सपाट चित्रातून खोली काढणे हा पुढचा आणि अवघड टप्पा. मांडीची लांबी बदलत नाही. ती चित्रात निम्मीच दिसली तर मांडी पडद्याच्या प्रतलापासून ६० अंशांनी कललेली आहे, एवढे गणित सांगते. ती प्रेक्षकाकडे आली की मागे गेली, हे मात्र सांगत नाही. एका हाडाला दोन उत्तरे, तर दंड आणि कोपरापुढचा हात मिळून चार. दुसरा कॅमेरा बाजूने लावला की हा पेच बराचसा सुटतो. एकच कॅमेरा असेल, तर माणसे सहसा कशी हलतात याच्या शिकलेल्या अनुभवावरून प्रणाली अंदाज बांधते.

हा अंदाज कुठे फसतो, हे पाहायला भंडारा जिल्ह्यातील खडीगंमत चांगली कसोटी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून झाडीपट्टी. धानाची कापणी होऊन मंडई ही गावजत्रा भरू लागली की इथे दंडार, खडीगंमत ही लोकनाट्ये आणि रात्रभराची नाटके रंगतात. खडी म्हणजे उभी. शाहीर आणि साथीदार उभ्याउभ्याच गातात, वाजवतात, आणि स्त्रीवेशातला नाच्या त्यांच्यापुढे नाचतो.

पहिली अडचण कपड्यांची. लुगड्याच्या निऱ्यांत नाच्याचे गुडघे झाकलेले असतात. प्रणाली ते घोटा आणि खुबा पाहून मनानेच भरते. दुसरी अडचण गर्दीची. नाच्या वळला की त्याचा हात डफवाल्याच्या आड जातो, आणि एकाचे मनगट दुसऱ्याच्या नावावर चढते. तिसरी अडचण अधिक खोल आहे. नाच्या मुरका मारतो तेव्हा कंबर एकीकडे सरते, छाती दुसरीकडे राहते आणि पाठीचा कणा मधे वळतो. सतरा ठिपक्यांत कण्याचा एकही ठिपका नाही. खांदा आणि खुबा यांच्यामधले सगळे अंग तक्त्यात रिकामेच राहते. गूगलच्या मीडियापाइपमध्ये ठिपके ३३ आहेत. त्यात टाचा आणि काही बोटे येतात, कणा येत नाही.

ही जागा भरायला शरीराचा तयार साचा वापरतात. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या एसएमपीएल या साच्यात कण्याचे सांधे आहेत, पण त्याची अंगकाठी अमेरिका-युरोपातील हजारो लोकांच्या मोजमापांवरून शिकवलेली आहे. हालचालींचेही तसेच. ह्यूमन ३.६एम या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संग्रहात ३६ लाख शरीरस्थिती आहेत. त्या रुमानियातील प्रयोगशाळेत ११ नटांकडून करवून घेतल्या: चालणे, बसणे, फोनवर बोलणे, फोटो काढणे. अशा शिदोरीवर वाढलेली प्रणाली मुरक्याला सौम्य करून नेहमीच्या उभे राहण्याकडे ओढते. वर थरथर काढण्यासाठी आकडे गुळगुळीत केले की उरलासुरला झटकाही जातो.

वेगाचा हिशेब वेगळा. सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे दोन चौकटींत ४० मिलिसेकंद. सेकंदाला ४ मीटर वेगाने फिरणारा पाय तेवढ्यात १६ सेंटिमीटर सरकतो. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरते उघडे असेल, तर पायाचा ८ सेंटिमीटरचा पुसट पट्टा उमटतो. घोटा नेमका कुठे ठेवायचा, हे त्यातून ठरत नाही. मंडपातल्या अपुऱ्या उजेडात शटर आणखी वेळ उघडे ठेवावे लागते आणि पट्टा लांबतो. परिणामी ॲनिमेशनमधले पाय जमिनीवर टेकण्याऐवजी घसरतात, आणि ठेका चुकल्यासारखा वाटतो.

इथे आवाज कामी येतो. घुंगरांचा ठसका पाऊल कधी टेकले ते सांगतो, तर ढोलकीची थाप दोन कॅमेऱ्यांची वेळ जुळवते. मात्र आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. एक कॅमेरा दुसऱ्यापेक्षा १७ मीटर मागे असेल, तर त्याच्याकडे थाप ५० मिलिसेकंद उशिरा, म्हणजे सव्वा चौकट मागे पोचते. हा फरक वजा केल्याशिवाय दोन्ही चित्रफिती जुळत नाहीत.

म्हणून अशा कलेच्या नोंदीसाठी थोडी जास्त तयारी लागते: निदान दोन बाजूंनी कॅमेरे, जमेल तितका उजेड, सेकंदाला ५० किंवा अधिक चौकटी. नाच्याच्या संमतीने चोळीच्या पाठीवर आणि कमरेवर वेगळ्या रंगाच्या दोन-चार टिकल्या लावल्या, तर कण्याचा अंदाज मोजमापात बदलतो. मारेच्या पांढऱ्या पट्ट्यांचेच हे साधे रूप. शेवटी आकड्यांचा तक्ता तयार झाला म्हणून मूळ चित्रफीत टाकून द्यायची नसते. कॅमेऱ्यांमधले अंतर आणि चौकटींचा वेग लिहून ती जपली, तर आज सतरा ठिपक्यांतून निसटलेला मुरका उद्याच्या प्रणालीला त्याच चित्रफितीत पुन्हा शोधता येतो.