बॅग हलकी झाली, ओझं कुठे गेलं?



आजच्या चिंतनाचा शब्द आहे अपरिग्रह. पतंजलींनी योगसूत्रांत पाच यम सांगितले, त्यातला हा शेवटचा. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि मग अपरिग्रह. शब्दाची फोड सोपी आहे. परि म्हणजे सगळीकडून, ग्रह म्हणजे धरणं. सगळीकडून गोळा करून कवटाळून बसायचं नाही, एवढाच सरळ अर्थ.

आणि आज हा शब्द आपण कुठे तपासून बघणार आहोत? विमानात सीटखाली सरकवायच्या एका छोट्या बॅगेत! हसू नका हं, मोठे प्रश्न कधी कधी अशाच जागी नीट दिसतात.

आपल्यापैकी बरेच जण शिक्षणासाठी, नोकरीसाठी जर्मनीत, नेदरलँड्समध्ये, आयर्लंडमध्ये राहतात. शुक्रवारी लॅपटॉप बंद करायचा, स्वस्तातलं विमान पकडायचं, एखादं शहर बघून रविवारी रात्री परत यायचं. मोठी बॅग चेक-इन केली तर तिचं भाडं कधी कधी तिकिटापेक्षाही जास्त होतं. मग ठरतं, फक्त केबिन बॅग. याला कोणी काटकसर म्हणतं, कोणी मिनिमलिझम म्हणतं, आणि आपल्यासारखी वाचणारी, चिंतन करणारी मंडळी हळूच म्हणतात, "हाच तर अपरिग्रह!" खरंच तो अपरिग्रह आहे का? आजचा प्रश्न हा.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात अपरिग्रहामागचं कारण फार नेमकं सांगितलंय. वस्तूंमध्ये पाच दोष दिसतात, म्हणून त्या स्वीकारायच्या नाहीत. वस्तू आधी मिळवाव्या लागतात. मग राखाव्या लागतात. कधीतरी त्या नष्ट होतात. तोवर त्यांची आसक्ती जडते. आणि त्यांच्यापायी हिंसा होते. अर्जन, रक्षण, क्षय, संग, हिंसा. हे पाच शब्द मनात ठेवा. आज बॅग त्यांच्याच हिशेबाने भरायची आहे.

समजा, तीन दिवस रोमला जायचंय. युरोपातल्या काही स्वस्त विमान कंपन्या जी बॅग फुकट नेऊ देतात, तिचं माप असतं ४० × ३० × २० सेंटिमीटर. गुणाकार केला तर २४ लिटर. आपल्याकडे ऑफिसात पाण्याचा २० लिटरचा जार असतो ना, त्याहून थोडीशीच जास्त जागा. द्रवपदार्थांचा नियम २००६ पासूनचा आहे. प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरपर्यंत, आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. नवे स्कॅनर बसवलेल्या काही विमानतळांवर आता सूट मिळते, पण येताना-जाताना दोन्हीकडे ती मिळेलच असं नाही, म्हणून जुना नियम धरून चाललेलं बरं.

एवढ्या जागेत काय न्यायचं? दोन टी-शर्ट, एक पँट, आतले कपडे, झोपायचे कपडे, चार्जर, औषधं, जपमाळ. बूट एकच जोड, आणि तो पायात. रोमच्या जुन्या भागात रस्ते काळ्या दगडी चिऱ्यांचे आहेत, त्यावरून चाकांची बॅग खडखडत आणि अडखळत जाते, त्यापेक्षा पाठीवरची सॅक बरी. एक ओढणी किंवा उपरणं मात्र हवंच. सेंट पीटर्स बॅसिलिकात जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात, आणि तीच ओढणी विमानात पांघरायलाही होते. रिकामी बाटली सिक्युरिटीतून नेता येते. रोमच्या रस्त्यांवर 'नासोनी' म्हणजे 'मोठी नाकं' या नावाने ओळखले जाणारे लोखंडी नळ आहेत, अडीच हजारांच्या आसपास. त्यांतून पिण्याचं पाणी वाहत असतं, कोणीही भरून घ्यावं.

बॅग अशी भरली की पहिले चार दोष आपोआप कळायला लागतात. फोटोसाठी म्हणून नवे बूट घ्यायचे, हे अर्जन. कोलोसियममध्ये मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, व्हॅटिकन म्युझियममध्ये ती जमा करावी लागते, म्हणजे खोली सोडल्यावर आपला अर्धा दिवस बॅगेच्या पहाऱ्यात जातो, हे रक्षण. बेल्टवर सगळ्यांच्या बॅगा आल्या आणि आपली आली नाही, हा क्षय. आणि संग? तो आपल्या दोन शब्दांत लपलेला असतो: "लागलं तर".

लागलं तर जॅकेट. लागलं तर दुसरा चार्जर. लागलं तर ते पुस्तक, जे मागच्या तीन प्रवासांत उघडलंच नाही. नीट बघा, यातली एकही वस्तू आपण हौसेने भरत नाही, भीतीने भरतो. परक्या गावात आपली पंचाईत झाली तर कोण विचारणार, ही ती भीती. म्हणून बॅग भरताना वस्तूंची यादी करण्याआधी भीतीची यादी करून बघा. बहुतेक भीत्या एका औषधाच्या दुकानात किंवा एका "जरा मदत कराल का?" मध्ये मिटणाऱ्या असतात.

गंमत म्हणजे, गरजेचं काय आणि जादा काय, हा वाद कोर्टातही गेलाय. स्पेनहून ॲमस्टरडॅमला जाणाऱ्या एका प्रवाशाच्या प्रकरणात युरोपियन युनियनच्या न्यायालयाने २०१४ मध्ये निकाल दिला. चेक-इन सामानाचे वेगळे पैसे कंपनी घेऊ शकते, पण हातातलं सामान हा प्रवासाचा आवश्यक भाग आहे, त्याचं वजन आणि माप वाजवी असेल तर त्यावर जादा आकार लावता येणार नाही. आता 'वाजवी' म्हणजे किती, यावर कंपन्या आणि ग्राहक अजून भांडतायत. कंपनीला वाजवी काय ते कोर्ट सांगेल. आपल्याला कोण सांगणार? ते ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

इथपर्यंत सगळं आपल्यापुरतं होतं. पाचवा दोष, हिंसा, मात्र दुसऱ्यापर्यंत पोचतो. माझ्या मते 'फक्त केबिन बॅग'ची खरी परीक्षा तिथेच आहे.

यासाठी रोमच्याच एका माणसाकडे जाऊया. सेनेका. मोठा तत्त्वज्ञ, सम्राट नीरोचा शिक्षक आणि सल्लागार, आणि प्रचंड श्रीमंत. उतारवयात त्याने ल्युसिलियस या मित्राला पत्रं लिहिली. त्यातलं ८७ वं पत्र वाचलं की वाटतं, अरे, हा तर आपलाच वीकेंड! सेनेका आणि त्याचा एक मित्र दोन दिवस असेच फिरतायत. अंगावर आहे त्यापलीकडे सामान नाही. गादी जमिनीवर टाकलेली. दोन जाड वस्त्रं, एक अंथरायला, एक पांघरायला. खायला सुकी अंजिरं, लिहायला पाट्या. त्याला फार आनंद झालाय. किती गोष्टी आपण उगाच बाळगतो, हे त्याला कळलंय.

पुढे तो एक प्रामाणिक गोष्ट सांगतो. आपण बसलोय ती गाडी शेतकऱ्याची, खेचरं जेमतेम जिवंत, गाडीवान अनवाणी. समोरून थाटामाटातली मंडळी आली की आपल्याला लाज वाटते, ही गाडी आपली आहे असं कोणाला वाटू नये असं वाटतं. म्हणजे साधेपणा अजून मुरलेला नाही. जो भिकार गाडीची लाज बाळगतो तो भारी गाडीचा तोरा मिरवणार, हे त्याने स्वतःच ओळखलंय. संगाचा दोष त्याने स्वतःमध्ये इतका स्वच्छ बघितला, याचं कौतुकच करायला हवं.

पण त्याच पत्रात सुरुवातीला एक तपशील सहज येऊन जातो. सोबत गुलाम अगदी थोडे होते, एका गाडीत मावतील एवढेच.

वाचताना इथे थांबायला होतं ना? सामान नाही म्हणणाऱ्या माणसासोबत गाडीभर माणसं आहेत. गादी जमिनीवर आहे, पण ती अंथरली कोणी? गुलामांशी माणुसकीने वागा, असं याच सेनेकाने दुसऱ्या एका पत्रात कळकळीने लिहिलंय. म्हणजे तो निष्ठुर नव्हता. तरी स्वतःच्या हलकेपणाचा हिशेब मांडताना त्या माणसांचे हात त्याच्या हिशेबात आले नाहीत.

आपल्याकडे गुलाम नाहीत, पण न दिसणारे हात आहेतच. "तुझी मोठी बॅग आहे ना, माझं एवढंसं टाकतेस का?" असं म्हणून मैत्रिणीच्या बॅगेत सरकवलेले दोन किलो. ज्याच्या घरी उतरलो त्याचा टॉवेल, त्याचा शाम्पू, त्याचं वॉशिंग मशीन, सगळं गृहीत धरलेलं. पाऊस आला म्हणून घेतलेली पाच युरोंची छत्री रविवारी रोमच्याच कचऱ्यात, आणि तो उचलणारा सफाई कामगार. आणि मग वर एक स्टोरी: "तीन दिवस, एक बॅग!" सेनेकाला साध्या गाडीची लाज वाटली होती, आपल्याला साध्या बॅगेचा तोरा वाटतो. दोष एकच, फक्त उलटा.

ओझं असं नाहीसं होत नाही. आपण ते ठेवलं की बहुतेक वेळा ते दुसरं कोणीतरी उचलतं.

मग काय, कोणाची मदतच घ्यायची नाही? तसं नाही. वारीतसुद्धा दिंडीचं सामान ट्रकमधून पुढे जातं. वारकऱ्याच्या हातात टाळ राहतो, कारण ओझं दुसरीकडे आहे. पण ते सगळ्यांना माहीत असतं, दिंडीत त्याची वर्गणी असते, कामं वाटलेली असतात. आपल्याकडची माधुकरीची रीतही बघा. एकाच घरी पोटभर मागायचं नाही, अनेक घरून थोडं थोडं घ्यायचं, मधमाशीसारखं, म्हणजे एकाच घरावर भार पडत नाही. काही जवळ न बाळगणाऱ्या माणसानेही किती घ्यायचं आणि कोणावर किती भार टाकायचा, याचा विचार केलेला आहे. विचारून घेतलेलं, मोजून घेतलेलं, आभार मानून घेतलेलं ओझं वेगळं. गुपचूप सरकवलेलं वेगळं.

याच न्यायाने कधी कधी मोठी बॅग घेणं हाच धर्म असतो. आई-बाबा सोबत आहेत, आईला थंडी बाधते, बाबांच्या गोळ्या, बीपीचं मशीन, गुडघ्याचा पट्टा आहे, तर बिनधास्त चेक-इनचे पैसे भरा. लहान बाळ असेल तर विचारूच नका. आपल्या अपरिग्रहाची हौस दुसऱ्याच्या गैरसोयीवर भागवायची नसते. ती मोठी बॅग तुम्ही स्वतः ओढत त्या काळ्या चिऱ्यांवरून नेलीत, तर माझ्या मते तीच जास्त हलकी.

तर मंडळी, आजचा छोटासा सराव. पुढच्या प्रवासात बॅगेची चेन लावण्याआधी तीन प्रश्न विचारा.

१. यातलं काय मी भीतीपोटी घेतलंय?
२. जे मी घेतलं नाही, ते माझ्यासाठी कोण उचलणार आहे? त्याला विचारलंय का?
३. सोबत असलेल्यांपैकी कोणासाठी माझ्या बॅगेत जागा ठेवायला हवी?

तिसऱ्या प्रश्नासाठी २४ लिटरमधले दोन लिटर रिकामे ठेवून बघा. कोणाची पाण्याची बाटली, कोणाचा स्वेटर, कोणाचा दमलेला खाऊचा डबा तिथे सहज मावेल.

प्रवास सुखाचा होवो. यम आज संपले. उद्या नियमांपैकी पहिला, शौच.