निरोपातला तिसरा माणूस

घरचा निरोप म्हटला की आपण दोनच माणसं धरतो. एक सांगणारं, एक ऐकणारं. आई आणि पुण्यात शिकणारा मुलगा, बाप आणि सुरतेला दिलेली लेक. मधे काय असेल ते यंत्र, आणि यंत्र बदललं की निरोप बदलतो, असा आपला समज. हिशेब इथेच चुकतो. घरच्या निरोपात जवळजवळ नेहमीच तिसरं माणूस असतं. ते निरोप पोचवतं आणि पोचवता पोचवता त्याला आकारही देतं. पत्र गेलं, एसटीडी गेली, मोबाइल आला, व्हॉट्सअ‍ॅप आलं. या सगळ्यात मोठी उलथापालथ झाली ती या तिसऱ्या माणसाच्या जागी. जळगाव जिल्ह्यात जामनेर तालुक्यातल्या घरांकडे बघत ही गोष्ट जरा सावकाश उलगडू.

या तिसऱ्यातला सगळ्यात जुना म्हणजे मुराळी. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी येते. पूर्वी ती आपली आपण येत नसे. भाऊ नाहीतर चुलतभाऊ तिला आणायला जायचा, तोच मुराळी. तो दारात येऊन उभा राहिला की निरोप पोचला, वेगळं सांगायला नको. पण त्याचं काम तेवढ्यावर संपत नसे. एक रात्र त्या घरी राहून तो सगळं बघायचा: बहिणीच्या हातांना किती घट्टे पडलेत, तिच्या ताटात काय येतं, सासू तिला कशी हाक मारते. परत आल्यावर आई त्याला खोदून खोदून विचारी. म्हणजे निरोप्या हा साक्षीदारही होता. ही गोष्ट ध्यानात ठेवायची, कारण पुढच्या बहुतेक साधनांना ती नीट जमलेली नाही. आजच्या व्हिडिओ कॉललाही नाही. फोन जिकडे वळवावा तेवढंच त्यात दिसतं, आणि फोन कुठे वळवायचा ते लेकच ठरवते.

मुराळ्याच्या जागी पुढे पोस्टकार्ड आलं. हिंदुस्थानात ते १८७९ साली सुरू झालं, किंमत पाव आणा. कार्ड स्वस्त होतं, पण लिहिता येत नसलं तर ते कितीही स्वस्त असून काय करायचं? मग शाळेतले गुरुजी, पोस्टमन किंवा सातवी झालेलं शेजारचं पोर यांच्यापुढे बसून सांगायचं आणि त्यांनी लिहायचं. सांगणारी सांगे: म्हैस आटली, धाकटीचं सासरी पटत नाही, माझे डोये रात्रभर दुखतात. कार्डावर उतरे: इकडील सर्व क्षेम, तुमच्या आईची प्रकृती जरा नरम असते, काळजी नसावी. दोन्हींत खोटं काही नाही. पण ‘डोये’ गेले, रात्र गेली, धाकटीही गेली. लिहिणाऱ्याने निरोपाला धुतलेला सदरा घालून पाठवलं.

लिहिणाऱ्याला एवढ्यावरून दोष देता येणार नाही. कार्ड उघडं असतं. गुरुजींच्या हातून ते पोस्टात जातं, तिथून दुसऱ्या गावच्या पोस्टमनच्या हाती, आणि बऱ्याचदा तोच ते मोठ्याने वाचून दाखवतो. धाकटीची गोष्ट तिथे नकोच. शिवाय रागाच्या भरात सांगितलेलं वाक्य गुरुजी गाळून टाकत. ‘हे आता नको, पुढच्या खेपेला लिहू.’ पुढच्या खेपेपर्यंत राग ओसरलेला असे. किती घरांतली भांडणं अशी गुरुजींच्या टाकाखाली विझली असतील, त्याची नोंद कुठेच नाही.

लिहिणाऱ्याने बोलणं न धुता तसंच ठेवलं तर काय हाती लागतं, याचा दाखलाही याच जिल्ह्यातला आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर त्या जे रचत, ते मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवलं. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपाने आली. सोपानदेव स्वतः कवी. ‘ळ’च्या जागी ‘य’ म्हणणारी आईची बोली त्यांना सहज पुस्तकी करता आली असती. त्यांनी ती तशीच राहू दिली. आईच्या बोलण्यात लेकाने कमीत कमी हात घालावा, हा धडा साहित्याइतकाच घरच्या निरोपालाही लागू आहे.

लेखणीचा अडसर टेलिफोनने दूर केला खरा, पण तिसरा माणूस जागचा हलला नाही. १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली. तिने घडवलेलं खेड्यासाठीचं १२८ लाइनींचं एक्स्चेंज १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. पुढच्या दहाएक वर्षांत पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ गावोगाव झाले. आता तिसरा म्हणजे बूथवाला. मुंबईहून मुलगा बूथवर फोन करी, बूथवाल्याचं पोर धावत येऊन सांगे, ‘काकू, दहा मिनिटांनी परत लावणार आहे.’ काकू हात पुसत निघत, आणि त्या बूथवर पोचेपर्यंत फोन आल्याची बातमी अर्ध्या गल्लीला झालेली असे. आपण फोन लावायचा तर नजर मीटरच्या लाल आकड्यांवर. रात्री अकरानंतर दर पावपट होई, म्हणून मनातलं बोलणं अकरापर्यंत अडवून धरायचं आणि दिवसा फक्त कामाचं बोलायचं. बूथच्या काचेपलीकडे चार माणसं ताटकळत असताना लेक आईला काय सांगणार? ‘बरी आहे’ म्हणायची. आईला त्यातलं काय ते कळायचं, पण विचारायची सोय तिलाही नसायची.

याच काळात एक तिसरा माणूस एसटीच्या घंटीपाशी उभा होता. शेंदुर्णी-पहूरकडून जामनेरला किंवा जामनेरहून जळगावला शिकायला राहिलेल्या पोरांचा डबा आई गाडीने पाठवी. तो कंडक्टरच्या सीटखाली नाहीतर ड्रायव्हरच्या मागे ठेवलेला असे. स्टँडवर पोरगं डबा घ्यायला उभं. डब्याबरोबर कंडक्टर तोंडी निरोपही देई: ‘आई म्हणली शनवारी ये, कापूस वेचायचाय.’ कालची भाकरी डब्यात तशीच परत आली, तर दुसऱ्या दिवशी आई कंडक्टरलाच विचारे, पोरगं आजारी आहे का? पोराला पाहिलेला माणूस मधे होता, म्हणून हा प्रश्न विचारता येत होता.

२००३ साली मोबाइलवर येणारा फोन फुकट झाला आणि एक अजब निरोप रुळला: मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे तू लाव. बराच वेळ वाजत राहिला तर खरंच काहीतरी झालंय, उचल. गुरुजी, बूथवाला, कंडक्टर कुणीच लागत नव्हतं आणि कंपनीलाही त्यातून दमडी मिळत नव्हती. या सगळ्या इतिहासात तिसऱ्याला पूर्ण वगळणारा निरोप हा एवढाच. आणि त्यात शब्द एकही नव्हता.

मग व्हॉट्सअ‍ॅप आलं, आणि २०१३ साली त्यात बोलून पाठवायची सोय झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि ही सोय चुलीपर्यंत पोचली. निरोप पाठवणाऱ्या आईकडे जरा जवळून बघा. मोबाइल तोंडापासून चार बोटं लांब, आडवा. अंगठा माइकच्या खुणेवर घट्ट दाबलेला. वाक्य संपायच्या आत अंगठा सुटतो, म्हणून एका निरोपाचे तीन होतात. पहिल्यात ‘ऐक रे भाऊ’ एवढंच. दुसऱ्यात विहिरीचं पाणी, मोसंबीचा बहर, मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन. तिसऱ्यात ‘बरं, ठेवते’, जणू पलीकडे कुणी धरून ठेवलंय. मागे कुकरची शिट्टी आणि दाराशी कुणाची तरी हाक. इथे ‘डोये’ डोयेच राहतात. रात्र रात्रच राहते. पिढ्यान्‌पिढ्या गुरुजींच्या अक्षरातून बोललेली बाई पहिल्यांदा स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या दमाने, कुणालाही न विचारता बोलते. या साधनाची थोरवी सांगायची तर एवढीच पुरे.

पण निरोप एकतर्फी नसतो. मुलगा ते तीन निरोप बसमध्ये कानात घालून ऐकतो. २०२१पासून दीडपट, दुप्पट वेगाने ऐकायची सोय आहे, तीही वापरतो. आणि उत्तर देतो ते लिहून. तेही बरेचदा रोमन अक्षरांत, मराठी शब्दांची इंग्रजी स्पेलिंगं करून. आईला ते लागत नाही. ती मोबाइल घेऊन पुतणीकडे जाते: ‘काय म्हणतो वाच गं.’ पुतणी वाचते, ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो’, आणि आपल्या पदरचं ‘बरा आहे म्हणतो’ जोडते. म्हणजे जाताना सुटलेला तिसरा माणूस परतीच्या वाटेवर पुन्हा येऊन बसला. आई आता थेट बोलते, पण मुलाचं थेट ऐकू शकत नाही. यंत्राने अर्धं काम करून ठेवलंय. उरलेलं अर्धं मुलाच्या अंगठ्यावर आहे, आणि त्याने मनात आणलं तर ते दहा सेकंदांचं आहे.

हा मुलगाही तिसराच, मात्र वेगळ्या अर्थाने. आईच्या मोबाइलमधलं सिम बहुधा त्याच्या नाहीतर बापाच्या नावावर असतं. रिचार्ज तो पुण्याहून मारतो. अकाउंट त्यानेच उघडून दिलेलं असतं. बँकेचा ओटीपी आईच्या मोबाइलवर येतो आणि मुलगा फोनवर विचारतो, ‘आई, आकडा सांग.’ बँक सांगते ओटीपी कुणालाही सांगू नका, आणि घर सांगतं पोराला सांग. उद्या दुसऱ्याच कुणी पोराचा हवाला देऊन विचारलं तर नाही म्हणायची सवय तिला लागणार कशी? ईमेलची तऱ्हा याहून पुढची. कित्येक घरांत पहिला ईमेल पत्ता लेकीच्या प्रवेशाच्या नाहीतर भरतीच्या फॉर्मपुरता नेट कॅफेवाल्याने किंवा सेवा केंद्रातल्या ऑपरेटरने काढून दिला. पासवर्ड त्याच्या वहीत. कॉलेजचं पत्र आलं तर ते आधी त्याला दिसणार. गुरुजींचं पोस्टकार्ड निदान उघडं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. इथे पाकीट बंद दिसतं आणि किल्ली भलत्याकडे असते.

घरच्या ग्रुपमध्ये तर तिसरा एक नसून वीस-पंचवीस आहेत. तिथे लेक आईशी बोलते तेव्हा काका, मामी, जावई सगळे काचेपलीकडे उभे असतात. म्हणून तिथलं बोलणं पुन्हा ‘इकडील सर्व क्षेम’वर येतं: सुप्रभात, वाढदिवसाचा केक, हात जोडलेली खूण. तारखात्याने शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना क्रमांक दिलेले होते, नुसता क्रमांक सांगितला की वाक्य पोचत असे. तार २०१३च्या जुलैत बंद झाली, क्रमांकाची वाक्यं ग्रुपवर चालूच आहेत. खरं बोलणं करायला भावंडं दुसरा ग्रुप काढतात, बाबा नसलेला. बाबांना ते माहीत असतं.

आणि मग फॉरवर्ड. मुलं पळवणारी टोळी आलीय, पोरांना एकटं सोडू नका. हा निरोप आईबापांनीच आईबापांना पाठवलेला, काळजीपोटी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, अशाच अफवेवरून भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. देशात तेव्हा अशा घटना ठिकठिकाणी होत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा घातली. आपल्या धाग्यात बघितलं तर फॉरवर्डचा फास इथे आहे: निरोप मामाच्या नावाने येतो, म्हणून आपण मामावरचा विश्वास त्याला लावतो. पण तो मामाचा नसतो. मामालाही तो कुणाकडून तरी आलेला. लिहिणारा कोण ते कुणालाच ठाऊक नाही. गुरुजींना उलट विचारता येत होतं, कंडक्टरला येत होतं. इथे विचारायचं तर कुणाला?

आता यंत्रच लेखनिक होऊ घातलंय. २०२४च्या अखेरीस व्हॉट्सअ‍ॅपने बोललेला निरोप अक्षरांत उतरवून द्यायची सोय काही भाषांपुरती आणली. उद्या ती सगळीकडे आली तर मुलगा आईला ऐकणारही नाही, नजर फिरवून मोकळा होईल. आणि ते यंत्र पुस्तकी भाषेवर वाढलेलं असेल, तर ‘डोये’ पुन्हा धुतले जातील.

तिसऱ्या माणसाला निरोपातून हाकलता येत नाही, आणि सरसकट हाकलूही नये. भांडणं विझवणारे गुरुजी तिसरेच होते. त्याला पारखायची कसोटी मात्र या सगळ्यातून निघते. तो कोण हे दोन्ही टोकांना माहीत असावं. त्याने काय गाळलं, काय घातलं हे विचारता यावं. आणि बोलणाऱ्याचं बोलणं आपलं समजून त्याने वापरू नये. मुराळी या कसोटीला पुरा उतरतो, कंडक्टर उतरतो, बूथवाला अर्धा, फॉरवर्ड मुळीच नाही. आईला मोबाइल लावून देणारा मुलगा कुठे बसतो, हे त्याच्याच हातात आहे. पासवर्ड तिला ठाऊक असेल, सिम तिच्या नावावर असेल, आणि तिने बोलून विचारलेल्याला तो बोलूनच उत्तर देत असेल, तर तो पास.