चेंडू कुणाच्या हातात?

मूल चुकू नये असे वाटणे आणि मूल शिकावे असे वाटणे, या दोन्ही इच्छा एकच आहेत असे आपण धरून चालतो. त्या तशा नाहीत, हे बास्केटबॉलच्या मैदानावर फार स्पष्ट दिसते.

शालेय स्पर्धांच्या दिवसांत छत्रपती संभाजीनगरातल्या एखाद्या मैदानावर 14 वर्षांखालील मुलांचा सामना घटकाभर पाहावा. कुणी चेंडू हातात धरूनच पावले टाकतो, तर कुणी सोबती क्षणापूर्वी जिथे होता तिथे तो फेकतो. बास्केटकडे एकही फेक न जाता चेंडू प्रतिपक्षाला मिळतो. खेळाडू याला ‘टर्नओव्हर’ म्हणतात. नवख्या संघाचे निम्मे दुःख यातच असते.

प्रशिक्षकापुढे एक सोपा उपाय असतो. एका तरबेज मुलाकडे चेंडू सोपवायचा, बाकीच्या चौघांनी नुसते धावायचे आणि बाहेरून ‘थांब, डावीकडे दे, आता टाक’ असा घोष चालू ठेवायचा. चुका कमी होतात. सामनाही कदाचित जिंकता येतो. पण ते चौघे त्या विजयातून घरी काय नेतात?

याच्या उलट टोकाला खुद्द या खेळाचे जनक होते. जेम्स नेस्मिथ यांनी 1891 साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ मांडला. तो शिकवायचा नसतो, खेळायचा असतो, असे त्यांचे मत. अमेरिकेच्या महाविद्यालयीन सामन्यांत तर अल्पविरामातही प्रशिक्षकाने खेळाडूंशी बोलू नये, असा दंडक 1949 पर्यंत होता. निर्णय खेळणाऱ्याचा, ही त्यामागची श्रद्धा. श्रद्धा उदात्त खरी. परंतु कॅन्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणून नेस्मिथ यांच्या नावावर 55 विजय आणि 60 पराभव आहेत. त्यांचेच शिष्य फॉग अ‍ॅलन यांनी शिकवण्याचे व्रत घेतले आणि तिथेच शेकडो सामने जिंकले. मुलांना त्यांच्या नशिबावर सोडणे म्हणजे स्वातंत्र्य देणे नव्हे.

मग शिकवायचे केव्हा आणि गप्प बसायचे केव्हा? माझ्या मते, शिकवणे सरावात व्हावे. दोन्ही पाय रोवून थांबणे, चेंडू मिळताच मान वर करणे, पाचांविरुद्ध सातजण उभे करून गर्दीची सवय लावणे, हे सारे तिथले काम. सामन्यात मात्र चुकीचा प्रकार ओळखावा. रिकामा सोबती अचूक हेरूनही हात चुकला, तर ती धडपड आहे. तिला शिक्षा नको. घाबरून चेंडू कुठेतरी भिरकावला, तर त्या मुलाला बाकावर बोलावून धीर द्यावा आणि पुन्हा पाठवावे.

पण एकाच्या शिक्षणासाठी चौघांनी का हरावे? हा प्रश्न टाळून चालणार नाही. त्याचे न्याय्य उत्तर एकच दिसते: प्रत्येकाची पाळी आली पाहिजे. आज मी तुझ्या चुकीची किंमत मोजतो, उद्या तू माझ्या. ही देवघेव नसेल, तर तो संघ नव्हे, एका लाडक्याची सोय आहे. आणि पराभवाचा जाब द्यायची वेळ येईल तेव्हा प्रशिक्षकाने पुढे व्हावे, मुलाकडे बोट दाखवू नये.

दिवाळीत घरोघरी करंज्या होतात. लहानग्या हातांनी मिटलेली कड तेलात सुटते, सारण बाहेर येते, तेल खराब होते. सगळ्या करंज्या स्वतःच करणाऱ्या आईचे ताट देखणे दिसते. पण ती थकेल तेव्हा पोळपाटापाशी कोण बसणार?