देवाला बंधन हवं

देव आणि माणूस एकाच पडद्यावर आले की कथेपुढे पहिलीच अडचण उभी राहते. देव सर्वशक्तिमान आहे, मग तो नायकाचं संकट लगेच दूर का करत नाही? केलं तर सिनेमा दहा मिनिटांत आटोपतो. केलं नाही तर देव निष्ठुर ठरतो, नाहीतर निरुपयोगी. असे अद्भुतपट मी वर्षानुवर्षं आवडीने पाहत आलो आहे. त्यांतले मनात घर करून राहिलेले सिनेमे या अडचणीतून एकाच वाटेने बाहेर पडतात: ते देवावर बंधन घालतात. देवाची शक्ती जिथे थांबते, तिथून माणसाची गोष्ट सुरू होते.

हे बंधन सगळ्यांत उघडपणे दिसतं ते 'जेसन अँड द आर्गोनॉट्स' या १९६३ सालच्या सिनेमात. दिग्दर्शक डॉन चॅफी, पण सिनेमा ओळखला जातो तो पडद्यावर बाहुल्यांना जिवंत करणाऱ्या रे हॅरिहाउसेनच्या करामतीमुळे. सुरुवातीला सिंहासन बळकावायला आलेला पेलियास हेरा देवीच्या देवळात शिरतो आणि तिथे आसरा मागणाऱ्या ब्रायसिसला ठार मारतो. हेरा खवळते, पेलियासचा शत्रू जेसन याच्या पाठीशी उभं राहायचं ठरवते. पण देवांचा राजा झ्यूस तिला हिशोब घालून देतो. त्या मुलीने तुझं नाव पाच वेळा घेतलं, तेव्हा तुलाही पाचच वेळा मदत करता येईल. या एका अटीने सिनेमाचा सगळा रंग पालटतो. देवीची प्रत्येक मदत आता खर्चाची बाब होते आणि आपणही मनातल्या मनात मोजू लागतो.

आता मदत कशी होते तेही बघा. जेसनचा साथीदार हर्क्युलिस देवांच्या खजिन्यातून एक भलामोठा काटा उचलतो आणि चौथऱ्यावर बसलेला ब्राँझचा महाकाय पुतळा टेलॉस करकरत मान वळवतो. त्या आवाजाने आजही माझ्या अंगावर काटा येतो. जेसन हेराला साकडं घालतो. जहाजावर तिची लाकडी मूर्ती आहे, ती त्याच्याशी बोलते. पण ती टेलॉसला भस्म करत नाही. त्याच्या घोट्याकडे बघ, एवढंच सांगते. त्या धिप्पाड पायांपाशी जाऊन टाचेतलं झाकण काढायचं ते जेसननेच. टेलॉस कोसळतो तेव्हा त्याच्याखाली साथीदार हायलस चिरडला जातो आणि तेही माणसांनाच सोसावं लागतं. देवी वाट दाखवते. धाडस आणि शोक दोन्ही माणसाच्या वाट्याला येतात.

शेवटची लढाई तर या विचाराचं टोक आहे. जमिनीतून सात सांगाडे उगवतात आणि त्यांच्यासमोर जेसन धरून तिघेच. हा प्रसंग बाहुल्या चौकटीगणिक हलवून चित्रित करायला हॅरिहाउसेनला साडेचार महिने लागले. तिथे हेरा कुठेच नाही. दोन साथीदार मरतात आणि जेसन कड्यावरून समुद्रात उडी घेऊन जीव वाचवतो. देवी धावून आली असती तर ती साडेचार महिन्यांची मेहनत पाण्यात गेली असती, कारण माणूस हरू शकतो ही धास्तीच त्या प्रसंगाचा प्राण आहे.

हॅरिहाउसेनच्या शेवटच्या मोठ्या सिनेमात, १९८१ च्या 'क्लॅश ऑफ द टायटन्स'मध्ये, हीच गोष्ट दुसऱ्या रीतीने येते. झ्यूस झालेत लॉरेन्स ऑलिव्हिए. इथे देव नायक पर्सियसला तलवार, ढाल आणि अदृश्य करणारं शिरस्त्राण देतात. पण ते शिरस्त्राण दलदलीत हरवतं. मेड्युसाच्या अंधाऱ्या गुहेत तो शिरतो तेव्हा कुणालाही दिसू शकणारा, साधा माणूस असतो. देणगी दिली, पण ती टिकेल याची हमी दिली नाही, हेही एक बंधनच.

इथे कुणी म्हणेल, बंधन घातलं की देवाचं देवपण उणं होत नाही का? मला अगदी उलट वाटतं. ग्रीक महाकाव्य इलियडमध्ये झ्यूसचा मुलगा सार्पिडॉन रणात मरणार असतो. झ्यूसच्या मनात येतं, याला वाचवावं. मग प्रत्येक देव आपापल्या मुलाला उचलून नेईल, असं हेरा त्याला बजावते. झ्यूस मागे सरतो आणि आभाळातून रक्ताचा पाऊस पाडतो. तो बाप म्हणून कळतो तो तिथेच. आपल्या महाभारतानेही हे ओळखलं. श्रीकृष्ण शस्त्र न धरण्याचं वचन देऊन युद्धात उतरतो. म्हणून भीष्मांवर रथाचं चाक घेऊन धावणारा कृष्ण आपल्याला हलवून सोडतो. आधी वचनच नसतं तर त्या चाकाला काय अर्थ राहिला असता?

आपल्या सिनेमाने हे जाणलं होतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली 'कालिया मर्दन' काढला आणि कृष्ण केलं आपल्या चिमुकल्या लेकीला, मंदाकिनीला. देवाला लेकराचा जीव दिला की काठावरच्या गोकुळाची घालमेल आपसूकच खरी होते. के. व्ही. रेड्डींच्या १९५७ च्या 'मायाबाजार'मध्ये कृष्णाला सगळं ठाऊक आहे. पण लग्नाच्या घरात गोंधळ घालायचं काम घटोत्कच आणि त्याचे राक्षस साथीदार करतात. कृष्ण योजना आखून गालातल्या गालात हसतो. आनंद आपल्याला मिळतो तो त्या राक्षसांच्या उद्योगातून.

हे भान सुटलं की काय होतं? 'क्लॅश ऑफ द टायटन्स' २०१० साली पुन्हा आला. त्यातले देव माणसांच्या प्रार्थनांवर जगतात. कल्पना चांगली होती, पण तिच्यातून नियम काही उभा राहिला नाही. कोणता देव काय करू शकतो हेच कळत नाही, म्हणून राक्षस कितीही मोठा झाला तरी काळजाचा ठोका चुकत नाही. २००४ च्या 'ट्रॉय'ने दुसरं टोक गाठलं आणि देवांना जवळजवळ वगळलंच. युद्ध भव्य झालं, पण माणसाचं मोठेपण ज्याच्यासमोर मोजायचं ते मापच हरवलं.

आणि या सगळ्यांच्या वर मी ठेवतो प्रभातचा 'संत तुकाराम'. दामले-फत्तेलालांचा हा १९३६ चा सिनेमा पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यात चमत्कार आहेत, वैकुंठाचं विमानही आहे. तरी मला सर्वांत थोर वाटते ती तुकारामांची बायको जिजाई. पोर आजारी पडल्यावर ती वहाण घेऊन विठोबाच्या देवळात जाते. समोर देव मुकाट उभा आहे. त्या मुक्या देवासमोर आईचा संताप आभाळाएवढा होतो आणि तिची श्रद्धाही त्यातच दिसते, कारण परक्यावर कुणी असं रागावत नाही. विठोबा तिथे लगेच बोलला असता तर जिजाई लहान झाली असती.

आज संगणकावर हवा तो देव, हवा तेवढा उंच करता येतो. म्हणूनच असे सिनेमे करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: देवाचं तेज कसं दाखवायचं हे ठरवण्याआधी त्याला काय करता येणार नाही ते ठरवा, आणि ते शेवटपर्यंत पाळा. प्रेक्षकांनीही प्रत्येक देवपटाला हाच प्रश्न विचारावा. ज्या सिनेमाकडे त्याचं उत्तर नाही, त्यात देवही खरा वाटत नाही आणि माणूसही.