ताऱ्यांना साक्षीला बोलवावे काय?

अवकाशातील एखादा नवा शोध वृत्तपत्रांत झळकला की आम्हां धर्मगुरूंना हमखास विचारले जाते, “फादर, यावरून देव आहे हे सिद्ध होते ना?” विचारणाऱ्याचा भाव निर्मळ असतो. तरीही झटपट ‘होय’ म्हणावे असे आम्हांस वाटत नाही.

१९९८ सालचा शोध घ्या. श्वेतबटू नावाचा, इंधन संपलेला तारा जोडीदार ताऱ्याचे द्रव्य ओढून घेतो. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटीजवळ पोहोचले की त्याचा स्फोट होतो आणि काही आठवडे तो अब्जावधी सूर्यांइतका तळपतो. अशा स्फोटांचे तेज जवळजवळ सारखे असते. म्हणून प्रकाश जितका मंद, तितका तारा दूर, असा हिशेब मांडता येतो. सॉल पर्लमटर यांचा एक गट आणि ब्रायन श्मिट व अॅडम रीस यांचा दुसरा गट असे स्फोट शोधत होते. चिली देशातील डोंगरावरच्या दुर्बिणीतून आकाशाच्या एकाच तुकड्याची काही आठवड्यांच्या अंतराने दोन छायाचित्रे घ्यायची आणि दुसऱ्यातून पहिले वजा करायचे. उरलेला ठिपका तपासायचा. त्यांतील कित्येक ताऱ्यांचा प्रकाश निघाला, तेव्हा आपली पृथ्वी जन्मलीही नव्हती.

गुरुत्वाकर्षणामुळे विश्वाचे प्रसरण किती मंदावत आहे, एवढेच त्यांना मोजायचे होते. प्रत्यक्षात तारे अपेक्षेहून फिकट, म्हणजे अधिक दूर निघाले! रीस यांच्या गणितात तर विश्वातील द्रव्य चक्क उणे येऊ लागले. आकडे पुनःपुन्हा तपासले गेले. वाटेतल्या धुळीने प्रकाश अडला असेल काय, हेही पाहिले गेले. अखेर मनातले उत्तर सोडून त्यांनी समोरचे उत्तर स्वीकारले : प्रसरणाचा वेग वाढत आहे. पर्लमटर यांच्या गटाने अभ्यासलेले ४२ दूरस्थ तारेही तेच सांगत होते. २०११ साली या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

वेग वाढविणाऱ्या या अज्ञात कारणाला ‘कृष्ण ऊर्जा’ म्हणतात. येथेच आपला मोह जागा होतो. भाविक म्हणतो, हाच तो अदृश्य हात. नास्तिक म्हणतो, सारे थंड अंधारात विरणार, मग कसला देव? आमच्या मते दोघेही ताऱ्यांच्या तोंडी आपलेच वाक्य घालतात.

या बाबतीत बेल्जियमचे धर्मगुरू जॉर्ज लमेत्र आम्हांस फार मोठे वाटतात. विश्व प्रसरण पावते, हे त्यांनी १९२७ सालीच मांडले. आइन्स्टाइनने आपल्या समीकरणातील जे पद पुढे टाकून दिले, ते लमेत्र यांनी जपले. १९९८ नंतर तेच पद शास्त्रज्ञांनी पुन्हा हाती घेतले. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी विश्वारंभाच्या शास्त्रीय चित्राचा संबंध ईश्वरी निर्मितीशी जोडला, तेव्हा संतोष वाटण्याऐवजी लमेत्र अस्वस्थ झाले. त्यांची श्रद्धा का उणी होती? रोज मिस्सा अर्पण करणारा हा मनुष्य! परंतु सिद्धान्त उद्या बदलू शकतो, हे ते जाणत होते. ज्याची श्रद्धा त्या खुंटीला टांगली आहे, त्याचे मग काय व्हावे?

ही भीती पोकळ नव्हे. अॅरिझोनातील किट पीक येथून लक्षावधी दीर्घिकांचा नकाशा करणाऱ्या प्रकल्पाने २०२४ व २०२५ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत कृष्ण ऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी, अशी चिन्हे आहेत. अजून निर्णय झालेला नाही. मोजणी चालू आहे.